ऑलस्पोर्टची वाटचाल : प्रेक्षकांतून सीमारेषेपर्यंत, आणि दाराबाहेर

ऑलस्पोर्ट हे नाव आता जुन्या छायाचित्रांखालच्या श्रेयओळीतच उरले आहे. १९९८ मध्ये गेटी इमेजेसने ही संस्था विकत घेतली आणि पुढे ती त्या मोठ्या घरात विरून गेली. तरीही खेळाच्या मैदानावर कॅमेरा कोणी न्यायचा, कोणाच्या परवानगीने न्यायचा आणि टिपलेल्या क्षणाचे मालक कोण, हा वाद समजून घ्यायचा तर या संस्थेच्या पाऊलखुणांवरून चालत जाण्यासारखा दुसरा मार्ग मला दिसत नाही. तिचा जन्मच मुळात प्रवेशपत्राशिवाय झाला.

१८ ऑक्टोबर १९६८. मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिक मैदानावर बॉब बीमनने लांब उडी मारली आणि ती भरली ८.९० मीटर. आधीच्या विश्वविक्रमापेक्षा तब्बल ५५ सेंटीमीटर जास्त. हात पसरलेले, पाय पुढे झेपावलेले, तोंड आ वासलेले आणि सारा देह हवेत, हे बीमनचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते. ते टिपणारा टोनी डफी हा व्यवसायाने हिशेबनीस होता. तो सुट्टी काढून ऑलिंपिक बघायला गेलेला हौशी छायाचित्रकार. त्याच्याकडे पत्रकाराचा पास नव्हता, मैदानात उतरण्याची मुभा नव्हती. उडीच्या खड्ड्यासमोरची जागा हेरून तो प्रेक्षकांत पुढे सरकला आणि तिथून त्याने हा क्षण पकडला. या एका छायाचित्राने त्याचे आयुष्य बदलले. १९७० च्या दशकात त्याने सहकाऱ्यांसह लंडनमध्ये ऑलस्पोर्ट उभी केली. केवळ खेळ, दुसरे काही नाही, हा तिचा बाणा होता.

त्या काळी ही कल्पना वाटते तितकी साधी नव्हती. इंग्लंडमध्ये, आणि त्यातही क्रिकेटमध्ये, मैदानाचे दार फार थोड्यांसाठी उघडे होते. त्या दाराची गोष्ट अर्धशतक मागे जाते, आणि गंमत म्हणजे ती क्रिकेटपासून सुरू होत नाही. ती कुत्र्यांच्या प्रदर्शनापासून सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात लेडीज केनेल असोसिएशनने आपल्या प्रदर्शनाच्या छायाचित्रणाचा एकमेव हक्क स्पोर्ट अँड जनरल या छायाचित्रसंस्थेला विकला. एका स्वतंत्र छायाचित्रकाराने तिथे जाऊन चित्रे काढली आणि 'अवर डॉग्ज' या साप्ताहिकाने ती छापायला घेतली. स्पोर्ट अँड जनरल न्यायालयात गेली आणि हरली. १९१७ मध्ये अपील न्यायालयानेही तेच सांगितले : डोळ्यांसमोर घडणाऱ्या दृश्यावर कोणाची मालमत्ता असू शकत नाही. आयोजकाला छायाचित्रण रोखायचेच असेल तर त्याने प्रवेश देताना तशी अट घालावी. त्या प्रदर्शनात अशी अट घातलेलीच नव्हती.

या निकालाची दोन अर्धे आहेत आणि दोन्ही आजपर्यंत जिवंत आहेत. दृश्य कोणाचेच नाही, हे पहिले. पण दार ज्याचे त्याला अट घालता येते, हे दुसरे. १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात सिडनीच्या व्हिक्टोरिया पार्क घोड्यांच्या शर्यतींचा खटला आला. शेजारच्या माणसाने आपल्या जागेत मचाण बांधले होते आणि त्यावरून शर्यतींचे वर्णन रेडिओवर प्रक्षेपित होत होते. न्यायालयाने बहुमताने मचाणवाल्याच्या बाजूने कौल दिला. दाराबाहेर राहून पाहता येत असेल तर आयोजकाचा काही इलाज चालत नाही. मैदानांच्या मालकांनी यातून एकच धडा घेतला : भिंती उंच करा आणि अटी लिहून घ्या.

इंग्लंडमधल्या कसोटी मैदानांवर १९७२ पर्यंत हेच चालले. छायाचित्रणाची मुभा दोनच संस्थांना होती, स्पोर्ट अँड जनरल आणि सेंट्रल प्रेस. एरवी 'दृश्य कोणाचेच नाही' हा निकाल जिच्याविरुद्ध लागला तीच स्पोर्ट अँड जनरल दाराच्या अटीच्या जोरावर पुढे पन्नासेक वर्षे आत बसून राहिली. या मक्तेदारीत वाईटच काम झाले असे मात्र नाही. २७ ऑगस्ट १९६८ रोजी ओव्हलवर पावसाने भिजलेले मैदान प्रेक्षकांनीही हातभार लावून कोरडे केले, आणि शेवटच्या मिनिटांत डेरेक अंडरवूडने ऑस्ट्रेलियाचा शेवटचा गडी पायचीत केला. फलंदाजाभोवती कडे करून उभा असलेला सगळा इंग्लंड संघ एकाच चौकटीत पकडणारे ते छायाचित्र सेंट्रल प्रेसच्या डेनिस औल्ड्सचे. क्रिकेटच्या सर्वोत्तम छायाचित्रांत मी ते बिनदिक्कत धरतो.

पण दोनच डोळे असले की त्यांना जे दिसेल तेवढेच जग पाहते. आपल्यासाठी हे फार दूरचे नाही. १९७१ चा ओव्हल आठवा. अजित वाडेकरांच्या संघाने २४ ऑगस्टला इंग्लंडमधली पहिली कसोटी मालिका जिंकली. चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ वर संपला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली बेला नावाची हत्तीण मैदानावर फिरवली गेली होती. ॲलन नॉटचा झेल घेताना फॉरवर्ड शॉर्ट लेगला जमिनीशी समांतर झेपावलेला एकनाथ सोलकर आपल्या मनात कोरलेला आहे तो छायाचित्रामुळे. टीव्ही मुंबईत अजून यायचा होता. रेडिओवर कान लावून बसलेल्या दादर-परळच्या माणसांना सोलकरची झेप दिसली ती वर्तमानपत्रातून आणि मासिकातून. पण तो दौरा मक्तेदारीच्या काळातला. मैदानाच्या आतून जे टिपले गेले ते त्या दोन संस्थांच्या छायाचित्रकारांना टिपावेसे वाटले तेवढेच. मुंबईच्या एखाद्या वर्तमानपत्राला आपला माणूस तिथे नेऊन वाडेकर, सरदेसाई, गावसकर यांचे चेहरे आपल्या नजरेने टिपायचे असते तर? दार बंद होते.

१९७२ मध्ये ते उघडले. हॅम्पशायरचे माजी कर्णधार डेस्मंड ईगर यांचा मुलगा पॅट्रिक ईगर आत शिरला आणि त्याने क्रिकेटच्या छायाचित्रणाची भाषाच बदलली. खेळाडूचा चेहरा, मैदानावरचा ताण, षटकांमधली शांतता हे त्याच्या आधी फारसे कोणी टिपत नव्हते. १९८३ च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यालाही तो होता. कपिल देवच्या हातातला तो चषक आपण किती कोनांतून पाहिला आहे, त्याची १९७१ शी तुलना करून बघा. बारा वर्षांत भारतीय क्रिकेट बदलले हे खरेच, पण सीमारेषेबाहेर बसलेल्या कॅमेऱ्यांची संख्याही बदलली होती.

ऑलस्पोर्ट याच उघड्या दारातून वाढली. डफीने १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला टिपले. संस्थेच्याच स्टीव्ह पॉवेलने १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात बार्सिलोनाला मॅराडोना आणि त्याच्यासमोर उभे असलेले सहा बेल्जियन खेळाडू टिपले. (ते सहा जण त्याच्यावर धावून आलेले नव्हते, फ्री किकसाठी उभी केलेली भिंत विस्कटत असतानाचा तो क्षण आहे. तरी एका खेळाडूची दहशत याहून नेमकी दाखवणारे चित्र मला माहीत नाही.) क्रिकेट दौऱ्यांवर एड्रियन मरेलसारखे ऑलस्पोर्टचे छायाचित्रकार भारतातही येत राहिले. १९८४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास संस्थेने लॉस एंजेलिसला बस्तान बसवले. पासाविना सुरू झालेली संस्था आता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अधिकृत छायाचित्रसंस्था म्हणून आत वावरू लागली. इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आयोजकाचा अधिकृत छायाचित्रकार होणे आणि बातमीदार राहणे, या दोन भूमिका एकाच माणसाच्या गळ्यात अडकवल्या की कधीतरी त्या एकमेकींना अडवणारच. ऑलस्पोर्टने आणि पुढे गेटीने ही तारेवरची कसरत अनेक वर्षे केली आहे, आणि त्यांच्या विरोधकांनी त्यांना नेमके इथेच पकडले.

मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी १९९५ मध्ये लंडनला गेटी इमेजेस सुरू केली. एकविसाव्या शतकाचे तेल म्हणजे बौद्धिक संपदा, असे तेलसम्राटाचा नातू असलेल्या मार्कचे म्हणणे होते, आणि त्याने संग्रह विकत घेण्याचा सपाटा लावला. १९९६ मध्ये हल्टनचा प्रचंड संग्रह घेतला. त्यात सेंट्रल प्रेसची जुनी चित्रेही आली. म्हणजे औल्ड्सचे ओव्हल आता गेटीकडे. दोन वर्षांनी ऑलस्पोर्ट आली, म्हणजे बीमन, मॅराडोना आणि मरेलचे भारतही आले.

एवढी चित्रे एका घरात जमली आणि त्याच वेळी इंटरनेट आले. पूर्वी चित्र दुसऱ्या दिवशीच्या अंकात दिसे. आता चेंडू सीमारेषेपलीकडे गेल्यावर काही मिनिटांत ते जगभर पोचू लागले. प्रक्षेपणाचे हक्क विकून श्रीमंत झालेल्या क्रीडासंघटनांना ही दुसरी दुकानदारी वाटली. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात सामना चालू असताना इंटरनेटवर छायाचित्रे देण्यावर फिफाने बंधने घातली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांच्या विरोधानंतर ती मागे घेतली. २००७ च्या रग्बी विश्वचषकातही सामन्यामागे किती छायाचित्रे दाखवायची यावर मर्यादा आणण्याचा प्रयत्न झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला श्रीलंकेविरुद्धच्या कसोटीच्या वेळी क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या अटी मान्य न करता मोठ्या वृत्तसंस्था दाराबाहेर थांबल्या. या सगळ्या लढायांतून वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्रे एकत्र येऊन न्यूज मीडिया कोअॅलिशन ही आघाडी उभी राहिली. २००८ मध्ये तिच्या वाटेत आयपीएल आले.

पहिल्या आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क दहा वर्षांसाठी १०० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले होते. पासाच्या अटींमध्ये छायाचित्रे लीगलाही द्यावीत आणि क्रिकेटला वाहिलेल्या संकेतस्थळांना पुरवू नयेत, अशा मागण्या होत्या. १८ एप्रिलला बंगळूरूला पहिला चेंडू पडेपर्यंत हा वाद धगधगत होता.

कायद्याची स्थिती इथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण क्रिकेट मंडळे तिचा उल्लेख करताना अर्धेच सांगतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. नोकरीत असेल किंवा कोणी पैसे देऊन काढून घेतले असेल तर हक्क मालकाकडे किंवा पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो. फलंदाज, मंडळ किंवा मैदान यांपैकी कोणीही त्या चित्राचे कर्ते नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१३ मध्ये धावसंख्येच्या बाबतीतही भारतीय क्रिकेट मंडळाचा आणि प्रक्षेपणाचे हक्क असलेल्या वाहिनीचा दावा मानला नाही. सामन्यात काय घडले ही माहिती कोणाच्या मालकीची नाही. म्हणजे १९१७ चे पहिले अर्ध या खंडपीठाने भारतातही मान्य केले. उरते ते दुसरे, दाराची अट. पास घेताना ज्या कागदावर सही होते त्यात सगळी सत्ता आहे. छायाचित्रकाराने सही केली की त्याचा हक्क त्याच्याच हाताने आखडतो, आणि सही नाकारली की तो रस्त्यावर.

नोव्हेंबर २०१२ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने ती सत्ता पूर्ण वापरली. इंग्लंडच्या दौऱ्यासाठी गेटी आणि ॲक्शन इमेजेस या छायाचित्रसंस्थांना पास नाकारले. मंडळाचे म्हणणे असे की या संस्था चित्रांचा व्यापार करतात. वर्तमानपत्रांना आमच्या छायाचित्रकाराची चित्रे आम्ही देऊ. याच्या निषेधार्थ रॉयटर्स, एपी आणि एएफपी यांनी मैदानावरचे वार्तांकन थांबवले. त्याच दौऱ्यात मंडळाने इंग्लंडच्या प्रक्षेपकांकडूनही मैदानात येण्याचे वेगळे पैसे मागितले. त्यांपैकी स्काय वाहिनीने लंडनमध्ये बसून समालोचन केले.

व्यापाराचा आक्षेप पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. गेटी चित्रे विकते, आणि ती पुष्कळ ठिकाणी विकते. पण बातमीसाठीचा वापर आणि जाहिरातीसाठीचा वापर हे दोन निराळे परवाने आहेत. खेळाडूचा चेहरा साबणाच्या जाहिरातीवर लावायचा तर त्याची वेगळी संमती लागतेच. पासाच्या अटीत 'फक्त बातमीसाठी' एवढे लिहून घेणे पुरेसे होते, आणि जगभर तसे लिहून घेतले जाते. दार बंद करण्याची गरज नव्हती.

त्याची किंमत कुठे जाणवली? वानखेडेवर. २३ नोव्हेंबरला सुरू झालेल्या त्या कसोटीत केविन पीटरसनने १८६ धावा केल्या. फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर परदेशी फलंदाजाने खेळलेल्या सर्वोत्तम डावांपैकी तो एक. कुकने १२२ केल्या, माँटी पानेसरने सामन्यात ११ बळी घेतले, इंग्लंड दहा गडी राखून जिंकले आणि पुढे २८ वर्षांनी भारतात मालिका जिंकून गेले. मुंबईत, मंडळाच्या मुख्यालयाच्या आवारात घडलेला हा सामना, आणि बीमनपासून मॅराडोनापर्यंतचा वारसा सांगणाऱ्या संस्थेचा एकही कॅमेरा तिथे सीमारेषेवर नाही. भारतीय वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार होते, त्यांनी आपले काम केले. पण सांगली-अकोल्याच्या वर्तमानपत्राला स्वतःचा माणूस दौऱ्यावर पाठवता येत नाही. त्याला वृत्तसंस्थेवरच विसंबावे लागते. अशा अंकात मंडळाने पाठवलेलेच चित्र लागणार.

माझा खरा आक्षेप इथे आहे. मंडळाचा छायाचित्रकार कुशल असतो, सज्जन असतो, पण तो मंडळाचा असतो. १३ मार्च १९९६ आठवा. ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत ८ बाद १२०, गॅलरीत पेटलेल्या आगी, फेकलेल्या बाटल्या, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडनी श्रीलंकेला दिलेला सामना, आणि रडत मैदानाबाहेर येणारा विनोद कांबळी. ते चित्र आयोजकांच्या अब्रूला धरून नव्हते. १९८७ मध्ये फैसलाबादला माइक गॅटिंग पंच शकूर राणांवर बोट रोखून भांडत होता, ते ग्रॅहम मॉरिसने टिपले. दोन्ही देशांच्या मंडळांना ते न छापलेलेच बरे वाटले असते. ही चित्रे आपल्याकडे आहेत कारण ती काढणारा माणूस कोणाच्या पगारावर होता हे महत्त्वाचे ठरले.

उलट उदाहरणही आयपीएलनेच दिले. २५ एप्रिल २००८ रोजी मोहालीला हरभजनने श्रीशांतला थप्पड मारली. रडणारा श्रीशांत देशाने पाहिला, हरभजनवर ११ सामन्यांची बंदी आली, पण प्रत्यक्ष थप्पड कोणी पाहिली नाही. ती टिपलेली दृश्ये आयोजकांकडे होती. ललित मोदींनी ती जगापुढे आणली ऑगस्ट २०२५ मध्ये, १७ वर्षांनी, आणि तीही स्वतःला वाटले तेव्हा.

१९९५ मध्ये हीरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने सांगितले होते की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारचीही मक्तेदारी नको आणि खासगीही नको; मध्यवर्ती आहे तो प्रेक्षकाचा माहितीचा हक्क. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते हेही स्पष्ट केले. या दोन निकालांच्या उजेडात पासाच्या अटी तपासून घ्यायला आपल्या संपादकांनी आणि छायाचित्रकार संघटनांनी न्यायालयाचे दार कधी नीट ठोठावले नाही, याची मला खंत वाटते.

आज आयसीसीच्या स्पर्धांत गेटी अधिकृत छायाचित्रसंस्था म्हणून आत असते. २०२३ च्या विश्वचषकात भारतभर तिचे छायाचित्रकार होते. आयपीएलच्या चित्रांखाली बहुतेक वेळा मंडळाच्याच नेमणुकीतल्या संस्थेचे नाव दिसते. लहान वर्तमानपत्रे आणि संकेतस्थळे ती चित्रे फुकट मिळतात म्हणून वापरतात, आणि त्यांना मी दोष देत नाही. पण पुढच्या हंगामात पास मागताना त्यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : बातमीच्या वापरावर संख्येची किंवा वेळेची मर्यादा नको, काढलेल्या चित्राचा हक्क काढणाऱ्याकडे राहावा, आणि नापसंत चित्र छापले म्हणून पास रद्द करता येऊ नये. तिसरी अट सर्वांत आधी.